मधलं शटल

"पदक एकच आहे," निगडीकर साहेब म्हणाले.

त्यांच्या टेबलावर काचेखाली गणपतीचं चित्र होतं आणि काचेवर दोन कांस्यपदकं. दोन पदकं, दोन निळ्या फिती. मी मोजली. मोजण्यासाठीच मला बोलावलं होतं.

"साहेब, दोन आहेत," विशाखा तोडकर म्हणाली. "हे माझं. ते जुईचं."

"ती धातूची झाली. नोंदीतलं बघा." त्यांनी फाइल उघडून कागदावर बोट ठेवलं. "पदकतालिका. भारत, महिला दुहेरी, कांस्य, एक. आमच्या क्रीडा धोरणात स्वच्छ लिहिलंय, प्रत्येक आंतरराष्ट्रीय पदकामागे एक जागा. आता त्या एका पदकामागे माणसं दोन उभी राहतात, हा खेळाचा दोष आहे. धोरणाचा नाही."

"मग उद्या हॉकीत सुवर्ण मिळालं तर अख्ख्या संघात एक नोकरी?" जुई आंबेरकर म्हणाली.

"हॉकीतून आजवर कुणाचा अर्ज आलेला नाही. त्यामुळे तो प्रश्न उद्भवलेला नाही."

हे बियाणे साठवणूक महामंडळाच्या सांगलीच्या विभागीय कार्यालयात घडलं. निगडीकर साहेब तिथे आस्थापनेचे उपमहाव्यवस्थापक होते. मी तेवीस वर्षांची होते, संख्याशास्त्रात एम.एस्सी. होऊन चार महिने झाले होते, आणि सहा आठवड्यांच्या करारावर मला एक काम मिळालं होतं. करारात त्याचं नाव होतं 'योगदान निश्चिती'. त्या एका पदकात विशाखाचा वाटा किती आणि जुईचा किती, हे शोधून काढायचं. जिचा जास्त, तिला नोकरी.

समोर बसलेल्या दोघी नऊ वर्षं एकत्र बॅडमिंटन खेळत होत्या. विशाखा एकोणतीस वर्षांची, तासगावची, उंच, मागून जोरात मारणारी. जुई सत्तावीस वर्षांची, मालवणची, बुटकी, नेटजवळ शटल अलगद टाकणारी. सहा देशांत खेळून आलेल्या, पण स्पर्धेला जायचं तर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. नोकरी म्हणजे पगारी रजा, आणि पगारी रजा म्हणजे अजून दोन-तीन वर्षं खेळणं. जुईच्या घरच्यांनी तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. विशाखाचा भाऊ तिच्यासाठी स्थळांच्या याद्या करत होता. जिला नोकरी नाही तिचं खेळणं संपणार होतं. आणि दुहेरीत एकीचं संपलं की दुसरीचंही संपतं, एवढं त्या खोलीत निगडीकर साहेब सोडून सगळ्यांना कळत होतं.

"द्यायची तर दोघींना द्या साहेब," विशाखा म्हणाली. "नायतर कुणालाच नको."

"ठीक. नको असल्यास तसं लेखी द्या."

त्यांनी दोन कोरे कागद पुढे सरकवले. पंखा फिरत होता, कागद उडू नयेत म्हणून साहेबांनी प्रत्येकावर एकेक पदक ठेवलं. दोघींनी कागदांकडे पाहिलं. मग विशाखाने आपलं पदक उचललं, जुईने आपलं. कागद कोरेच राहिले.

मी त्याची नोंद घेतली नाही. माझं निरीक्षण अजून सुरू झालं नव्हतं.

---

चौदा सामन्यांचे व्हिडिओ होते. मी प्रत्येक गुणासमोर एक रकाना केला, 'कारण'. गुण मिळाला तो कुणामुळे? वि, जु, किंवा प्र. प्र म्हणजे प्रतिस्पर्ध्याची चूक. पहिल्या दोन दिवसांत लक्षात आलं की शेवटचा फटका कुणी मारला एवढं बघून चालत नाही. जुई नेटजवळ अशी काही शटल ठेवायची की समोरचीला ते उंच उचलावंच लागे आणि मग विशाखा ते जमिनीत गाडे. गुण कुणाचा? मी शेवटच्या तीन फटक्यांना वेगवेगळं वजन दिलं. गणित सुंदर झालं. इतकं सुंदर, की मी ते रात्री झोपताना आठवायची.

एकच गोष्ट बसत नव्हती. मधली शटलं.

दोन खेळाडूंच्या बरोबर मध्ये येणारं शटल ही दुहेरीतली सगळ्यात अवघड जागा. दोघींनी हात घातला तर रॅकेटवर रॅकेट आपटते, एकीनेही नाही घातला तर शटल पडतं. चौदा सामन्यांत अशी दोनशे एकतीस शटलं आली होती. एकदाही टक्कर नाही. एकही पडलेलं नाही. इतर जोड्या ओरडून सांगतात, "मी!" किंवा "सोड!" या दोघी तोंडातून शब्द काढत नसत. डावीकडची घेत असेल, असं मी धरून पाहिलं. चौसष्ट टक्के जमलं. जिने आधीचा फटका मारला नाही ती घेत असेल, असं धरलं. तेही जेमतेम. काहीतरी नियम असलाच पाहिजे, म्हणून मी सरावाला गेले.

सराव महामंडळाच्याच हॉलमध्ये चालायचा. पूर्वीचं गुदाम. जमिनीवर कोर्ट आखलेलं, पण ज्वारीच्या बियाण्याचा वास गेला नव्हता, आणि छताची तुळई इतकी खाली की उंच उडालेलं शटल तिला लागलं तर गुण पुन्हा खेळायचा, असा स्थानिक नियम होता.

"मधलं शटल कुणाचं, हे तुम्ही कसं ठरवता?" मी विचारलं.

"आली का गणितबाई," विशाखा टॉवेलने मान पुसत म्हणाली.

"संख्याशास्त्र, विशाखाताई."

"तेच गं. पोत्यावर लेबल बदलून ज्वारीचा गहू होत नाय."

"पण ठरवता कसं?"

"ठरवत नाही गो," जुई म्हणाली. ती बुटांची नाडी बांधत होती. "जिचा हात जातो तिचं."

"पण हात कुणाचा जाणार, हे दुसरीला आधी कसं कळतं?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, त्या काहीतरी लपवताहेत.

"तू जेवताना ठरवतेस व्हय, कुठल्या दातानं चावायचं?" विशाखा म्हणाली. "ठरवायला लाग उद्यापास्नं. जीभ चावशील बघ."

मी वहीत लिहिलं, 'नियम सांगता येत नाही. बहुधा नेणिवेतला संकेत. अधिक माहिती हवी.'

---

पाचव्या आठवड्याच्या शेवटी मी अहवाल दिला. विशाखा ५८७ गुण, जुई ५८४. मोजणीतली संभाव्य चूक, अधिक-उणे एकवीस.

"हे अधिक-उणे काय आहे?" निगडीकर साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, म्हणजे तीन गुणांच्या फरकाला अर्थ नाही. मी पुन्हा मोजलं तर जुईताई पुढे जाऊ शकते. खरं सांगायचं तर दोघी सारख्याच आहेत."

"पावशे मॅडम, सारख्याच आहेत हे आम्हाला तुम्हाला बोलावण्याआधीच माहीत होतं. कार्यालयात अधिक तरी असतं नाहीतर उणे तरी असतं. दोन्ही एकदम लिहिलं तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. ते काढा."

माझ्या प्राध्यापकांनी दोन वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती, की चुकीची मर्यादा न लिहिलेला आकडा म्हणजे निव्वळ मत. मी 'अधिक-उणे एकवीस' काढलं. फार वेळ लागला नाही, एका ओळीत होतं.

"आता हा फरक तीनच आहे," साहेब म्हणाले. "वरून विचारणा होईल. व्हिडिओवर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रत्यक्ष चाचणी घेऊ. शनिवारी, एक गेम. त्यातले गुण यात मिळवा. आणि शेवटी समान झाले तर वयाने लहान उमेदवाराला प्राधान्य, महामंडळाला सेवा जास्त वर्षं मिळते."

"पण सर, समोर खेळणार कोण? या पातळीची जोडी सांगलीत..."

"मी आहे," साहेब म्हणाले. "आणि गुदामातले हसबनीस. प्रत्यक्ष अनुभव घेतल्याशिवाय मूल्यमापन होत नाही."

निगडीकर साहेब त्रेपन्न वर्षांचे होते. रोज सकाळी सहा ते सात बॅडमिंटन खेळत. शर्ट खोचून.

"आणि नंतर कुणी म्हणायला नको की मोजणीत गडबड झाली," ते म्हणाले. "त्याचं काय करता येईल?"

त्यावर मी जे बोलले ते पूर्णपणे माझं होतं. मला कुणी सुचवलं नव्हतं.

"सर, आपण कोर्टाशेजारी एक फळा ठेवू. प्रत्येक गुणानंतर मी लगेच त्यावर दोघींचा आकडा लिहीन. सगळ्यांना दिसेल."

"वा," साहेब म्हणाले. "पारदर्शकता."

घरी जाताना मी स्वतःवर खूश होते.

---

शनिवारी हॉलमध्ये चाळीसेक कर्मचारी जमले. पोहे आणि चहा होता. फळा जवळच्या शाळेतून आणलेला, त्याच्या एका कोपऱ्यात कुणाचा तरी सुविचार अर्धवट पुसलेला होता. मी मध्ये रेघ मारून दोन नावं लिहिली. विशाखा तोडकर ५८७. जुई आंबेरकर ५८४. फळा नीट दिसावा म्हणून मी तो दोघींच्या बाजूच्या रेषेलगतच ठेवला. कॅमेरा साहेबांच्या मागे, स्टुलावर. त्यात एका बाजूला विशाखा, दुसऱ्या बाजूला जुई आणि कडेला फळा, सगळं येत होतं.

सुरू होण्याआधी जुई फळ्यापाशी येऊन उभी राहिली.

"तीन," ती म्हणाली.

"हो. पण त्याला तसा अर्थ नाही, जुईताई. मोजणीतच तेवढी चूक..."

"मग लिहिलंस कशाला?"

तेवढ्यात विशाखा पाणी पीत जवळ आली. "काय म्हणतीय गणितबाई?"

"काय नाय," जुई म्हणाली.

दोघी आत गेल्या. आत जाताना आणि बाहेर पडताना त्या रॅकेटच्या मुठी एकमेकींवर आपटत, ही त्यांची नऊ वर्षांची सवय, चौदाही व्हिडिओंत आहे. त्या दिवशीही आपटल्या.

खेळ कसा झाला हे सांगण्यासारखं नाही. हसबनीस बिचारे धावत होते. निगडीकर साहेब धावत नव्हते, कारण ते जवळपास प्रत्येक शटलला "माझं!" असं ओरडून जागेवर थांबत आणि शटल त्यांच्या बाजूने निघून जाई. तरी त्यांना सात गुण मिळाले. तीन वेळा शटल तुळईला लागलं आणि साहेबांनी स्थानिक नियम मोठ्याने वाचून दाखवला.

मी प्रत्येक गुणानंतर पुसत होते आणि लिहीत होते. लोक मूळ गुण बघतच नव्हते. सगळ्यांच्या माना फळ्याकडे. आस्थापना शाखा विशाखाच्या बाजूने झाली, तपासणी प्रयोगशाळा जुईच्या. "जुई, अजून दोन!" असं कुणीतरी ओरडलं तेव्हा मला मजा वाटली. संख्याशास्त्राला एवढा प्रेक्षकवर्ग कधी मिळत नाही.

वीस-सात झालं. वीसपैकी चार गुण साहेबांच्या आणि हसबनीसांच्या चुकांचे, सात विशाखाचे, नऊ जुईचे. फळ्यावर लिहिलं, ५९४ आणि ५९३.

सगळ्यांना हिशोब कळत होता. पुढचा गुण जुईने मारला तर दोघी समान, आणि समान झाल्या तर नोकरी लहान असणाऱ्या जुईला. विशाखाने मारला तर प्रश्नच मिटला.

अठ्ठाविसावा गुण. विशाखाने सर्व्हिस केली. हसबनीसांनी कसंबसं परत केलं, जुईने मागे ढकललं, आणि निगडीकर साहेब "माझं!" म्हणत मागे सरकले. त्यांच्या रॅकेटच्या तारांना नाही, कडेला शटल लागलं. टक् असा आवाज आला. शटल उंच उडालं, तुळईच्या जेमतेम खालून गेलं आणि डुलत डुलत पलीकडे आलं. इतकं सोपं शटल त्या दिवशी आलं नव्हतं. शाळेतल्या मुलीने मारलं असतं.

ते दोघींच्या बरोबर मध्ये आलं.

आणि पडलं.

मी नंतर मोजलं, १.९ सेकंद ते हवेत होतं. दोघी दोन बाजूंना उभ्या होत्या. दोघींच्या रॅकेटी थोड्या उचललेल्या. शटल दोघींच्या मध्ये जमिनीवर पडून एकदा गिरकी घेऊन थांबलं.

"पॉइंट!" निगडीकर साहेबांनी दोन्ही हात वर केले. "बघितलंत? कळलंच नाही त्यांना! फसवा फटका!"

टाळ्या वाजल्या. पुढची सर्व्हिस साहेबांनी नेटमध्ये घातली आणि गेम एकवीस-आठने संपला. शेवटचा गुण प्र. फळ्यावर ५९४ आणि ५९३ तसेच राहिले. मी माझ्या तक्त्यात अठ्ठाविसाव्या ओळीत 'कारण' या रकान्यासमोर एक आडवी रेघ मारली.

बाहेर पडताना दोघींनी रॅकेटच्या मुठी आपटल्या नाहीत. विशाखाने शटल उचललं, डबीत घातलं आणि झाकण लावलं.

---

विशाखाला नोकरी मिळाली. पद क्रीडा सहायक, काम बियाण्यांच्या पिशव्यांवर शिक्के मारण्याचं, नेमणूक अकोल्याला. जुई महिनाभराने कुडाळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाली. विशाखाला पगारी रजेचा हक्क होता, पण रजा घेऊन खेळायचं कुणाबरोबर? महामंडळाने तोही प्रश्न सोडवला. आंतर-महामंडळ स्पर्धेत मिश्र दुहेरीत तिची जोडी निगडीकर साहेबांशी लावण्यात आली. मधली सगळी शटलं साहेब घेत. दुसऱ्या वर्षी ती खेळायची थांबली. साहेब निवृत्तीच्या भाषणातसुद्धा त्या फसव्या फटक्याबद्दल सहा मिनिटं बोलले म्हणे.

माझं मात्र चांगलं झालं. त्या अहवालामुळे मला पुढचं काम मिळालं, त्या कामामुळे त्याच्या पुढचं. आता लोक मला भाषणाला बोलावतात. बँका, रुग्णालयं, पतसंस्था, शिक्षकांची शिबिरं. भाषणाचं नाव 'सोडलेलं शटल'. विषय सहकार्य.

पहिला अर्धा तास मी आकडे सांगते. मग दिवे मंद करायला सांगते आणि पडद्यावर ते १.९ सेकंद दाखवते. हळू गतीने. चित्र नीट कापून घेतलेलं आहे, फक्त दोघी दिसतात, डावीकडे विशाखा, उजवीकडे जुई.

"बघा," मी म्हणते. "दोघींना माहीत आहे, हे शटल म्हणजे नोकरी आहे. आता जुईची मान बघा. ती डावीकडे वळली, विशाखाकडे. ती विचारते आहे, तू घेतेस? आणि विशाखाची मान बघा. तीही डावीकडे, जुईपासून दूर. ती नजर चुकवते आहे, म्हणजे जुईला संकोच न वाटता मारता यावं. दोनशे एकतीस शटलं या दोघींनी सोडली नाहीत. दोनशे बत्तिसावं दोघींनी एकमेकींसाठी सोडलं. माझ्या तक्त्यात त्याला शून्य गुण आहेत. माझ्या मते तोच सर्वोत्तम गुण आहे."

इथे टाळ्या येतात. एका पतसंस्थेत अध्यक्ष रडले होते.

नऊ वर्षांनी ओरोसला क्रीडाशिक्षकांच्या शिबिरात हे भाषण झालं. टाळ्या आल्या. चहाच्या वेळी मागून आवाज आला.

"गणितबाई."

जुई होती. केसांत थोडं पांढरं, गळ्यात शिट्टी. तिसऱ्या रांगेत बसली होती म्हणे. दिवे मंद होते, मला दिसली नाही.

"जुईताई! तू... कसं वाटलं?"

"बरं बोलतंस गो तू आता." तिने बशीत चहा ओतला. "आमच्या हेडमास्तरांनी डोळे पुसले. म्हणाले, आंबेरकर बाई, तुमचा त्याग माहीत नव्हता."

"मग?"

"मग काय. घेतला त्याग पदरात. मिळतो तर कोण सोडतो?"

मी हसले. ती हसली नाही.

"मी सोडलं नव्हतं ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला हवं होतं. नोकरी हवी होती मला. शटल वर गेलं तेव्हा मनात आलं, हे मारलं की झालं. पाचशे चौऱ्याण्णव. मग वाटलं, चौऱ्याण्णवच ना नक्की? की पंच्याण्णव लागतात?" तिने चहा संपवला. "नऊ वर्षांत पहिल्यांदा मी खेळताना मनात बोलले. बोलणं संपेपर्यंत पडलं होतं."

"आणि विशाखाताईने सोडलं तुझ्यासाठी?"

"ते तिला विचार. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. दर दिवाळीला फोन करतो, मुलाबाळांचं बोलतो." ती शिट्टीशी चाळा करत होती. "तुझ्या भाषणात ती नजर चुकवते ते बरं वाटलं हां ऐकायला. तेवढं राहू दे."

संख्याशास्त्रात एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत. मी परतीच्या गाडीत बसायच्या आधीच अकोल्याला फोन लावला.

"कोण? गणितबाई?" विशाखाच्या मागे शिक्क्यांचा ठोक ठोक आवाज येत होता. "आज कशी आठवण झाली?"

"विशाखाताई, एक विचारायचं होतं. ते शेवटचं मधलं शटल. तू का नाही मारलंस?"

शिक्के थांबले.

"जुई काय म्हणाली?"

"आधी तू सांग."

"अगं, मारायचंच होतं की." ती म्हणाली. "घरी भाऊ यादी घेऊन बसलेला. मी काय सोडतीय? पण वाटलं, आता पुढं किती हायत, एक का दोन? म्हटलं बघावं. आणि बघितलं तर... तू एवढ्या मोठ्या अक्षरात लिहायचीस."

"कुठे बघितलंस?"

"कुठं म्हणजे? फळ्याकडं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक," ती म्हणाली. "जुईला सांगू नकोस. तिला वाटतंय मी तिच्यासाठी सोडलं. तेवढं राहू दे."

घरी येऊन मी कापलेलं चित्र बाजूला ठेवलं आणि मूळ व्हिडिओ शोधला. नऊ वर्षांत तो पुन्हा उघडला नव्हता, गरज पडली नव्हती. सत्तावीस गुण पळवले. अठ्ठाविसाव्यावर आले. साहेबांची रॅकेट, टक्, शटल वर गेलं. जुईची मान डावीकडे वळली. विशाखाची मान डावीकडे वळली. त्या दोघींपलीकडे, अगदी डावीकडे, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून मी कापून टाकलेल्या भागात, फळा होता. ५९_ आणि ५९_.

आणि फळ्याशी मी होते. सगळ्या हॉलमध्ये शटलकडे बघणारी बहुतेक मी आणि निगडीकर साहेबच. माझ्या एका हातात डस्टर, दुसऱ्यात खडू. डस्टरने मी दोन्ही संख्यांचे शेवटचे आकडे आधीच पुसून टाकलेत, वेळ वाचावा म्हणून. खडूचा हात वर आहे, कुठला आकडा आधी लिहावा लागेल याची वाट बघत.

दोघी माझ्या हाताकडे बघताहेत.

मी व्हिडिओ तिथेच थांबवला. शटल अजून हवेत आहे.